पत्र्याचे सुकाणू

घरातील जुनी लोखंडी कढई उचलून तिच्या कानांकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कान कढईला डाक लावून चिकटवलेले नसतात, किंवा आटे पाडून फिरवून बसवलेलेही नसतात. कढई आणि कान या दोहोंना आरपार भोक पाडून त्यांतून एक आखूड, बोथट खिळा घातलेला असतो. खिळ्याला एका बाजूस मुळातच डोके असते. दुसऱ्या बाजूस बाहेर आलेले टोक ठोकून पसरट करतात, म्हणजे तेथेही डोके तयार होते. या दोन डोक्यांच्या मिठीत दोन्ही धातू कायमचे सापडतात. या खिळ्याला रिव्हेट म्हणतात. आपल्याकडील कारागिरांच्या तोंडी त्याचे रिबिट झाले आहे. खिळा दिसावयास क्षुद्र. पण कढई झिजून पातळ होते, तिचा रंग जातो, तरी कान निखळत नाहीत.

ज्या विमानाकडे आपण मान वर करून पाहतो, त्याचे अंगही बहुधा याच युक्तीने जोडलेले असते. प्रवासी विमानाच्या खिडकीतून पंखाकडे पाहावे. पत्र्यावर ओळीने मांडलेले बारीक वाटोळे ठिपके दिसतात. ते या खिळ्यांचेच माथे होत. एवढ्या प्रगत यंत्राला कढईचा खिळा कशाला, असा प्रश्न कोणाही चौकस मुलाच्या मनात येईल. त्याचे उत्तर पत्र्यातच आहे. विमानाचा पत्रा निव्वळ अॅल्युमिनियमचा नसतो. त्यात थोडे तांबे आणि इतर धातू मिसळून, तो तापवून आणि झटकन निववून त्याला बळकटी आणलेली असते. अशा पत्र्याला वेल्डिंगची आच लागली की हे सारे संस्कार त्या जागी पुसले जातात आणि पत्रा दुबळा होतो. रिव्हेट मात्र थंडपणी ठोकता येते. शिवाय ते बिघडले तर काढून टाकता येते, आणि बरे बसले आहे की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. हा शेवटचा गुण वाटतो त्याहून मोठा आहे.

आता विमान म्हटले म्हणजे प्रचंड कारखाना, हजारो कामगार, अवाढव्य शेड असे चित्र डोळ्यांपुढे येते; आणि ते खोटेही नाही. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, आणि १९४१ मध्ये तेथे जुळवलेले पहिले विमान उडाले, तेव्हा तो सर्व देशाच्या कौतुकाचा विषय झाला. परंतु जगात असेही लोक आहेत, की जे विमान आपल्या घरी बांधतात. अमेरिकेत तर अशांची संख्या हजारांनी मोजावी लागते. पॉल पोबेरेझ्नी या वैमानिकाने १९५३ मध्ये मिलवॉकी शहरी अशा हौशी मंडळींची एक संघटना स्थापन केली. १९७० पासून तिचा मेळा उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश गावी भरत आला आहे. तेथे घरी बांधलेली विमाने आपापल्या पंखांवर उडत येतात. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन या अभियंत्याने आखलेल्या विमानांचे सुटे भाग ऑरेगॉन राज्यातून लाकडी खोक्यांत भरून जगभर जातात, आणि त्यांपासून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. आपल्या मुंबईतही कांदिवलीला अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले, आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. गच्चीवर विमान बांधणाऱ्याला जिना आडवा येतो, हे आधी कोणाच्या ध्यानात आले असते!

अमेरिकेतील कायदा अशा विमानाला एक अट घालतो. विमानाच्या घडणीतील निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी व आनंदासाठी, केलेले असले पाहिजे. पैसे मोजून दुसऱ्याकडून विमान बांधून घेणे आणि वर ते आपले म्हणवणे तेथे चालत नाही. पहिल्या उड्डाणापूर्वी सरकारी निरीक्षक येतो, विमान पाहतो, कामाची वही आणि छायाचित्रे चाळतो. परंतु तोपर्यंत पत्र्याची पाकिटे केव्हाच बंद झालेली असतात. दहा हजारांहून अधिक खिळ्यांपैकी प्रत्येक खिळा तो पाहू शकत नाही. तो पाहणारा एकच, ठोकणारा.

या कामाची सुरुवात बहुधा शेपटीपासून करतात. शेपटीचे भाग आकाराने लहान. तेथे हात बसतो, आणि काही बिघडलेच तर नुकसान थोडे. शेपटीत एक उभा स्थिर पर असतो आणि त्याच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर हलणारे एक उभे पाते असते. नावेला सुकाणू असते तसेच हे विमानाचे सुकाणू. वैमानिकाने पायाखालचा डावा दांडा दाबला की पाते डावीकडे वळते, वारा त्यावर आदळतो, शेपूट उजवीकडे ढकलली जाते आणि विमानाचे नाक डावीकडे फिरते. सुकाणूच्या पुढच्या बाजूस पत्र्याचा एक उभा कणा असतो, वर-खाली फासळ्या असतात आणि दोन्ही अंगांना पत्र्याची कातडी असते. या कातड्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर! एवढा पातळ पत्रा वाऱ्यात थरथरू नये म्हणून त्याला आतून काटकोनी पट्ट्या जडवतात.

अशा घरांचे एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर उभे करावे. घराच्या कडेला मोटार ठेवण्याची खोली आहे. मोटार मात्र वर्षभर बाहेर पावसात उभी आहे, कारण आतली जागा एका लांब टेबलाने आणि लाकडी खोक्यांनी व्यापली आहे. घरातील गृहस्थ टपालखात्यात नोकरीला आहे. संध्याकाळचे दोन तास आणि सुटीचे दिवस हाच त्याचा कारखाना. त्याची तेरा वर्षांची मुलगी त्याची जोडीदार आहे. तिला या कामात घेण्याचे कारण प्रथम अगदी व्यावहारिक होते. तिचा हात बारीक होता.

ठोकण्याच्या आधीची तयारीच इतकी असते, की नवख्या माणसाचा धीर सुटतो. सर्व भाग प्रथम एकमेकांवर ठेवून स्प्रिंगच्या बारीक चापांनी तात्पुरते जखडायचे. या चापांना क्लेको म्हणतात. भोकाच्या मापाप्रमाणे त्यांचे रंग ठरलेले असतात. लहान भोकाला रुपेरी, त्याहून मोठ्याला तांबूस. पत्र्यावर शेकडो क्लेको उभे राहिले म्हणजे तो साळिंदरासारखा दिसू लागतो. मग भोके शेवटच्या मापाला आणायची, सगळे पुन्हा सुटे करायचे आणि प्रत्येक भोकाच्या कडेचा बर काढायचा. बर म्हणजे ड्रिलने भोक पाडताना काठावर उरलेली धातूची धारदार किनार. ती तशीच राहिली तर तेथून पुढे कधीतरी तडा जातो. बोटाला जाणवेल न जाणवेल अशी ती किनार; पण हजारो भोकांच्या दोन्ही बाजूंनी ती काढायची असते, आणि हे काम अत्यंत कंटाळवाणे आहे हे कबूल केले पाहिजे. मुलीने त्यासाठी युक्ती काढली होती. ती पाढे म्हणत असे, आणि एकोणतीसच्या पाढ्याला अडखळली की ओळ पुन्हा तपाशी.

त्यानंतर भोकांना खळ्या पाडायच्या. वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून खिळ्याचे डोके पत्र्याच्या पातळीत बसले पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात ते कोरून बसवायला जागाच नसते, म्हणून दोन साच्यांमध्ये पत्रा धरून हातोडीचा एक नेमका फटका मारतात. भोकाभोवती गालावरच्या खळीसारखा खोलगा पडतो आणि खिळ्याचे शंकूसारखे डोके त्यात अलगद बसते.

आतल्या पट्ट्या जडवण्याचे काम सोपे होते. टेबलात बसवलेल्या गुळगुळीत पोलादी पाटीवर खिळ्यांची डोकी खाली करून पत्रा पालथा घालायचा आणि वरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने शेपट्या ठोकायच्या. धोका एवढाच, की पत्रा सरकवता सरकवता खिळा पाटीच्या बाहेर लाकडावर आला आणि ते लक्षात न येता घोडा दाबला गेला, तर पत्र्याला कायमचा पोचा पडतो. ही चूक इतक्या जणांच्या हातून झाली आहे, की अनुभवी मंडळी नवख्याला तिच्याविषयी आधीच बजावून ठेवतात. बाप-लेकींनी पाटीच्या कडांना लाल पट्टी चिकटवली होती.

खरी परीक्षा वरच्या टोकाशी होती. सुकाणूचा माथा बिजागरीच्या रेषेच्या पुढे आलेला असतो आणि त्यात शिशाचे वजन बसवतात. हे वजन उगीच नसते. बिजागरीमागे सारा भार आणि पुढे काहीच नाही, असे पाते वेगाच्या वाऱ्यात फडफडू लागण्याचा संभव असतो. झेंडा फडफडतो तशी ही फडफड. परंतु झेंडा फाटला तर दुसरा लावता येतो. विमानाचे पाते फडफडू लागले, तर काही क्षणांत शेपूट मोडून पडू शकते. म्हणून पुढच्या अंगाला शिसे घालून तोल साधतात. मागच्या अंगावर रंगाचे जाड थर चढवले तरी हा तोल बिघडतो. सुंदर दिसण्याच्या हौसेला येथे अशी वेसण असते.

त्या शिशाजवळची जागा चिंचोळी. बाहेरून बाप बंदूक धरी, आतून मुलगी पोलादाची जड ठोकळी खिळ्याच्या शेपटीला टेकवी. बंदुकीचा मार आणि ठोकळीचा आडोसा यांच्यामध्ये शेपटी चेपून तिचे डोके होते. ते किती व्हावे याचे माप ठरलेले आहे. त्याची रुंदी खिळ्याच्या जाडीच्या दीडपट आणि उंची जाडीच्या निम्मी. खिळा इंचाच्या बत्तिसाव्या भागाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचा असेल, तर डोके सुमारे ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर उंच. कमी ठोकले तर सैल राहते. जास्त ठोकले तर पत्रा फुगतो. कान झाकलेले, आवाज तडतडता. तेव्हा बोलून काही सांगण्याची सोय नाही. म्हणून विमानांच्या कारखान्यांत ठोकळीने पत्र्यावर वाजवायची एक खूण प्रचारात आली. एक ठोका, ‘आणखी मार’. दोन ठोके, ‘ठीक बसला’. तीन ठोके, ‘बिघडला, काढून टाक’.

पहिले सात खिळे दोन ठोक्यांचे गेले. आठव्याला तीन ठोके आले.

बापाने बाहेरून पाहिले. डोके पत्र्याशी सपाट, तकतकीत, कोठे ओरखडा नाही. “चांगला तर आहे,” तो म्हणाला.

“बाहेरून चांगला आहे, बाबा,” मुलगी म्हणाली. “आत शेपटी आडवी झोपली आहे.”

आरसा घालून पाहिले तेव्हा तिचे म्हणणे खरे ठरले. ठोकळी किंचित तिरपी झाली होती आणि शेपटी चेपण्याऐवजी वाकली होती. बिघडलेला खिळा काढणे हीसुद्धा एक विद्याच आहे. डोक्याच्या बरोबर मध्यावर बारीक ड्रिल लावायचे, डोक्यापुरतेच खोल जायचे, मग त्या छिद्रात सळई घालून डोके मोडायचे आणि उरलेला देठ हलक्या हाताने मागे ढकलायचा. ड्रिल जरा ढळले तर मूळ भोक मोठे होते आणि मग त्यात जाड खिळा घालावा लागतो. म्हणून जाणते लोक सांगतात, की किंचित वेडावाकडा खिळा असू द्यावा. तो काढण्याच्या नादात भोक बिघडवू नये. कोणता खिळा राहू द्यायचा आणि कोणता काढायचा, हे मात्र पुस्तक पुरतेपणी सांगत नाही. आठवा खिळा काढावा लागला. भोक शाबूत राहिले.

शेवटी राहिली ती सुकाणूची मागची कड. येथे दोन्ही अंगांचे पत्रे एका अणकुचीदार पट्टीवर येऊन मिळतात आणि तिघांतून एकच खिळा आरपार जातो. ही कड पट्टीसारखी सरळ पाहिजे. सरळ रेषेपासून ती इंचाच्या दहाव्या भागाहून, म्हणजे अडीच मिलिमीटरहून, अधिक ढळता कामा नये. ती बाकदार झाली तर वारा तिच्यावर एकाच बाजूने रेलतो आणि वैमानिकाला सारा प्रवासभर एक पाय दाबून बसावे लागते. म्हणून कड आधी एका जाड, सरळ काटकोनी पट्टीला क्लेकोंनी जखडून आतल्या फटीत चिकट लुकण भरतात आणि ते दोन-तीन दिवस वाळू देतात. त्यानंतर खिळे ओळीने ठोकायचे नसतात. प्रथम प्रत्येक दहावा, मग त्यांच्या मधला, मग त्या मधल्यांचे मधले, आणि तेही पहिल्या फेरीत अर्धवटच. याचे कारण असे, की प्रत्येक खिळा ठोकताना पत्रा केसभर ताणला जातो. एका टोकापासून ओळीने ठोकत गेले तर हा ताण पुढे पुढे ढकलला जाऊन कड धनुष्यासारखी वाकते.

हे सारे त्या गृहस्थाला ठाऊक होते. पुस्तिकेतील तो परिच्छेद त्याच्या पत्नीने त्याला दोनदा वाचून दाखवला होता. परंतु तो रविवार होता, मुलगी मैत्रिणीकडे गेली होती, संध्याकाळी पाहुणे यावयाचे होते, आणि सुकाणू पुरे झाले असे त्यांना दाखवण्याची त्याला फार इच्छा झाली. सुरुवातीच्या आठ-दहा खिळ्यांपर्यंत त्याने क्रम पाळला. पुढे हात आपोआप शेजारच्या खिळ्याकडे जाऊ लागला. कामाला लय आली म्हणजे असे होते. लय ही कारागिराची मैत्रीण खरी, पण ती कधी कधी त्याला भलतीकडेच नेते. पाहुण्यांनी सुकाणूची तोंडभर स्तुती केली.

सोमवारी संध्याकाळी मुलीने कडेच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला. मध्यभागी दोरा आणि कड यांत पाच मिलिमीटरचे अंतर होते.

आता काय करायचे? मार्ग अनेक होते, आणि ते सगळेच लबाडीचे होते असे नाही. थोडासा बाक दोन फळ्यांमध्ये दाबून काढता येतो. विमान उडून एका बाजूला ओढू लागले, तर कडेजवळ लाकडाची बारीक पाचर चिकटवून ती ओढ मारता येते; अनेकांनी तसे केले आहे आणि त्यांची विमाने सुखाने उडत आहेत. निरीक्षक कडेला दोरा लावून पाहीलच असेही नाही. बापाने हे सर्व मोठ्याने बोलून दाखवले. त्यातले काही तो मुलीला सांगत होता, बरेचसे स्वतःला. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्या पात्यात गेल्या होत्या. नव्या पत्र्यांना पैसे पडणार होते, आणि ते येईपर्यंत काम अडून राहणार होते.

मुलीने वाद घातला नाही. टेबलावरची ठोकळी तिने उचलली आणि सुकाणूच्या पत्र्यावर वाजवली. एक, दोन, तीन.

गृहस्थ काही वेळ गप्प बसला. मग तो घरात गेला आणि दोन नव्या पत्र्यांची मागणी लिहून आला. जेवताना तो फारसा बोलला नाही, आणि त्या दिवशी त्याला कोणी बोलतेही केले नाही.

कणा, फासळ्या आणि शिसे वाचवण्यासाठी जुने खिळे काढणे भाग होते. हे काम तीन संध्याकाळी चालले. पहिल्या संध्याकाळी बापाच्या हातून दोन भोके मोठी झाली. तिसऱ्या संध्याकाळी मुलीने ड्रिल हातात घेतले, आणि शेवटचे चाळीस खिळे तिने एकही भोक न बिघडवता काढले. डोके मोडताना येणारा बारीक ‘टक्’ आवाज तिला आवडू लागला होता. काढलेली डोकी ती एका काचेच्या बरणीत टाकी. बरणी अर्धी भरली, तेव्हा तिच्या आईने ती उचलून पाहिली आणि एवढेच विचारले, “उरलेल्या विमानासाठी मोठी बरणी आणू का?” तेव्हा कोठे तो गृहस्थ हसला.

दुसरे सुकाणू पहिल्याच्या निम्म्या वेळात झाले. कडेचे खिळे ठोकताना मुलगी हातात कागद घेऊन क्रम पुकारीत होती. एक, अकरा, एकवीस, एकतीस. मध्येच तिने दोनदा बंदूक थांबवून दोरा लावून पाहिला. शेवटी लावला तेव्हा दोऱ्याखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा कोठेच शिरला नाही. मग पत्र्यांच्या पुढच्या कडा नळीभोवती गुंडाळून एकमेकांवर आणल्या, तेथे पोकळ खिळे ओढून बसवले, आणि कामाच्या वहीत तारीख, तास आणि जुने पत्रे टाकून देण्याचे कारण अशी तीनही टिपणे झाली. कारण गृहस्थाने स्वतःच्या हाताने लिहिले.

विमानाला सुकाणू लागायला अजून दोन-तीन वर्षे होती. त्याला जुन्या पांघरुणात गुंडाळून भिंतीवरच्या दोन आकड्यांवर टांगले. त्याच्या शेजारी वाकड्या कडेचे पत्रेही मुलीने टांगून ठेवले. ते तेथे कशाला, असे बापाने एकदा विचारले, पण काढले मात्र नाहीत. टेबल झाडून झाले. खाली पुढचे खोके होते. त्यात विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या पात्याचे भाग होते, आणि ते पाते सुकाणूहून अवघड असते असे सगळेच सांगत. मुलीने पकड घेतली आणि खोक्याच्या झाकणाचा पहिला चुका उपटला.